पांढरा कांदा आणि सोनेरी उजेड

फोटो काढायला म्हणून मी शेडवर पोहोचले, तर शेड रिकामी. छताचे चारही पंखे झकास फिरत होते, माझ्या सोलर खिडक्यांतून सोनेरी उजेड जमिनीवर पसरला होता आणि त्या उजेडात एक मांजर झोपलं होतं. बचत गटाच्या चौदा बायका बाहेर चिंचेखाली बसून कांद्याच्या माळा विणत होत्या.

"आत का नाही बसलात?" मी विचारलं.

गटाची अध्यक्ष संगीता जरा अवघडली. "बसतो ना मॅडम. वारा छान येतो आत. जेवायला आतच बसतो."

म्हणजे मी त्यांना जेवायची खोली बांधून दिली होती. राग आला, खोटं कशाला बोलू.

मी काचेच्या खिडक्या बसवणारी इंजिनिअर. अलिबागची सून, नोकरी नवी मुंबईत. सोलर ग्लास म्हणजे वीज तयार करणारी काच. दोन काचांच्या मध्ये एक पातळ थर असतो, तो उन्हातला काही भाग विजेसाठी ठेवून घेतो आणि उरलेला उजेड आत सोडतो. आमच्या काचेतून येणारा उजेड तांबूस सोनेरी असतो. कंपनीला ही काच कुठेतरी वापरून दाखवायची होती. अलिबागच्या आतल्या गावांत भात निघालं की त्याच जमिनीत पांढरा कांदा लावतात. तिथल्या या गटाला शेड हवी होती आणि वीज तर सारखी जायची. नाकापेक्षा मोती जड झाला असं काही लोक म्हणाले. मी ऐकून सोडून दिलं.

तेवढ्यात ऑफिसातून माझे साहेब दळवी सर यांचा फोन आला. "फोटो झाले?"

"सर, बायका बाहेर बसल्यात."

"मग आत बसवा. पाच मिनिटांचं काम."

"त्यांचं काम दिवसभराचं आहे सर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग संगीताने खरं काय ते सांगितलं. पुण्याच्या एका दुकानदाराची मोठी ऑर्डर मिळाली होती, गटाची पहिलीच. पहिला लॉट त्याने परत पाठवला. माळेत गुलाबी झाक असलेले, हिरवट पडलेले कांदे निघाले होते. दुसरा लॉट शनिवारी जायचा होता. तोही परत आला तर ऑर्डर रद्द, आणि चौदाजणी पुन्हा रस्त्याकडेला माळा टांगून गाड्यांची वाट बघणार. त्या दिवशी मंगळवार होता.

"निवडताना दिसले नाहीत?"

"आत समदे सारखेच दिसतात मॅडम. म्हनून बाहेर बसतो, पन सावली फिरली की उठावं लागतं, शनिवारपर्यंत काम उरकायचं न्हाय."

मी लक्स मीटर काढला. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप. आत जाऊन चार ठिकाणी मोजलं. आकडा अगदी पुस्तकातल्यासारखा. "उजेड भरपूर आहे की," मी दारातून सांगितलं.

यमुनाकाकी उठल्या. गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, बोलताना हात न थांबणाऱ्या. दोन कांदे घेऊन आत आल्या आणि माझ्यासमोर धरले. "सांग, पांढरा कुठला?"

मी बघितलं. दोन्ही गुळाच्या खड्यासारखे. मग आत्मविश्वासाने डाव्या हाताकडे बोट दाखवलं. काकींनी मला मनगटाला धरून बाहेर नेलं. डावा चक्क गुलाबी होता.

चौदाजणी हसल्या. मग मीही हसले, दुसरं काय करणार.

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. उजेड किती आहे ते मी मोजलं होतं, कसा आहे ते नाही. उजेडात रंग किती खरे दिसतात याचाही एक आकडा असतो. सोनाराचं दुकान असलं की मी तो आवर्जून बघते. कांद्यासाठी बघावा असं मनातही आलं नव्हतं.

काच बदलायची तर दोन महिने. मी कट्ट्यावर बसले. कुणीतरी कोरा चहा आणून दिला. मला खरंच वाईट वाटत होतं. ऑर्डर त्यांची जाणार होती आणि चूक माझी होती.

काकी शेडमध्ये उत्तरेकडच्या बांबूंवर टांगलेल्या माळा चाचपत होत्या. त्या बाजूला साध्या पारदर्शक काचेच्या मोठ्या खिडक्या होत्या. सावलीची बाजू म्हणून मी तिथे कांदे ठेवायला सांगितले होते. बायकांना दक्षिणेला सोलर खिडक्यांजवळ बसवलं, कारण फोटोत छान दिसलं असतं. खरं कारण तेच.

"हे बघ, टांगलेले पण हिरवे व्हाय लागलेत," काकी म्हणाल्या. "कांद्याला उजेड कशाला गं? त्याला वारा पाह्यजे. उजेड आमाला पाह्यजे. तू समदं उलटं मांडलंस."

मी चहाचा कप खाली ठेवला. कांदे दक्षिणेला, बायका उत्तरेला. सोलर काचेतून साध्या काचेपेक्षा उजेड कमीच येतो, कांद्याला तेवढा चालला असता. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड येतो आणि रंग खरे दिसतात. चित्रकार ती खिडकी मुद्दाम मागून घेतात.

संगीताला एक शंका होती. "पन काचेसमोर कांदे टांगले तर पंखे बंद न्हाय पडनार?"

"नाही. काच बाहेरून ऊन घेते. आत काय टांगलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही."

"व्हय? मग उठा गं."

दुपारभर बांबू हलले. मीही पदर खोचून सुंभाच्या गाठी मारल्या, त्यातल्या दोन काकींनी सोडून पुन्हा मारल्या. दक्षिणेला माळा ओळीने टांगल्यावर त्यांचाच पडदा झाला आणि सोनेरी उजेड त्यामागेच अडला. बुधवारी सकाळी चौदाजणी उत्तरेच्या खिडकीखाली बसल्या. मांजर मात्र रागावून निघून गेलं.

शनिवारी टेम्पो गेला. सोमवारी संगीताचा फोन आला, मागे नुसता कलकलाट. "मॅडम, एक पन माळ परत न्हाय आली. अजून मागतोय तो." मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. तिथेच डोळे भरून आले आणि मी मोठ्याने हसले. शिपायाला वाटलं, माझं प्रमोशन झालं.

दळवी सरांना फोटो पाठवला. भिंतभर पांढऱ्या माळा.

"यात आपली काच कुठे आहे?"

"मागे आहे सर. पंखे फिरवतेय."

आता नव्या साइटवर मी आधी विचारते, इथे बसून कोण काय बघणार आहे. मीटर नंतर निघतो. बॅगेत कायम दोन कांदे असतात, एक पांढरा, एक गुलाबी. खिडकीजवळ धरून मालकालाच ओळखायला सांगते. बॅगेला वास येतो अशी दळवी सरांची तक्रार आहे. उजेडाबद्दल मात्र अजून कुणाची आलेली नाही.