ऋषीच्या भाजीचे दोन डबे

विजयकरबाईंच्या हातात चहाचा ग्लास दिला की त्या आधी तो तिरका करून बघायच्या. तरुणपणी परळच्या एका इस्पितळात, रक्त किती वेळात गोठतं ते त्या काचेची नळी मुठीत धरून अशीच सारखी तिरकी करून बघत. नळी गेली, यंत्रं आली, हाताची खोड राहिली. पुढे त्या हिंदमाताला साड्यांच्या दुकानांमागच्या एका लॅबमध्ये नोकरीला होत्या. तिथे खुर्ची असूनही बाई टेबलाभोवती फिरत राहायच्या, आणि त्यांच्याकडे बघून मलाही सुखाने बसवायचं नाही.

माझ्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज गोळी आणि दर महिन्याला तपासणी. सात वर्षं माझं रक्त बाईंनीच काढलं.

"रक्त मूर्ख नसतं, मीनल," सुई टोचताना त्या सांगायच्या. "जखम झाली की आधी चपट्या पेशी धावतात, मग धाग्यांचं जाळं विणलं जातं. काम झालं की शरीरच ते जाळं कातरायला घेतं. बांधायचं कधी नि सोडायचं कधी, दोन्ही कळतं त्याला. तुझ्या झडपेपाशी मात्र त्याचा गोंधळ होतो. तेव्हा पालक, माठ, अळू, आज वाटीभर नि उद्या टोपभर, असले चाळे नकोत. गोळीचा जोर जातो." हे मी दर महिन्याला ऐकलं आणि दर महिन्याला मान डोलावली.

तीन वर्षांपूर्वी ऋषिपंचमीला गिरगावातल्या त्यांच्या घरून ऋषीची भाजी आली. अळू, माठ, भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे. मी फोनवर तोंड भरून कौतुक केलं, तर दुसऱ्या दिवशी आणखी मोठा डबा हजर! पाच दिवस मी दोन्ही वेळ तीच हाणली. एवढी जाणती बाई, एवढी सराईत पेशंट, पण आम्हा दोघींच्या डोक्यात ती पालेभाजी नव्हतीच. ती ऋषीची होती. गणपतीच्या गडबडीत मी तपासणीही पुढे ढकलली.

विसर्जनानंतर लॅबचा जिना चढताना मला धाप लागली. बाई दंडाला पट्टा बांधायला वाकल्या आणि थबकल्या. माझी झडप टिकटिकते, जवळच्या माणसाला ऐकू येते.

"आवाज का बसलाय गं?"

रिपोर्टची वाट न बघता त्यांनी मला टॅक्सीत कोंबलं आणि इस्पितळापर्यंत "चल ना रे बाबा, हॉर्न तरी मार" म्हणत ड्रायव्हरचं डोकं खाल्लं.

झडपेवर गुठळी धरली होती. ती विरघळवायचं औषध सलाईनमधून सुरू झालं. त्याच औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हेही डॉक्टरांनी सांगून टाकलं. मी भयंकर घाबरले होते. बाई खाटेभोवती घिरट्या घालत होत्या आणि मध्येच माझ्या छातीशी कान नेत होत्या.

"खाण्यात पालेभाजी जास्त झाली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऋषीची भाजी खाल्ली. घरचीच होती," मी म्हटलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "खोटं बोलतेय ती, डॉक्टर. भाजी माझी. दोन डबे. मी दिले."

संध्याकाळी टिकटिक पुन्हा स्वच्छ ऐकू आली. आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो.

पण पुढच्या महिन्यात बाईंनी मला लॅबमधल्या दुसऱ्या मुलीसमोर बसवलं आणि त्या आत निघून गेल्या. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. आता महिन्यातून एकदा फोन येतो. "किती आलं?" मी तपासणीचा आकडा सांगते. "बरं." फोन बंद. सात वर्षांच्या मायेचं एवढंच उरावं, याचं मला फार वाईट वाटायचं आणि रागही यायचा. परवा मात्र त्यांनी फोन ठेवायच्या आत मी म्हटलं, "बाई, मी तुम्हाला कधी दोष दिला का हो?"



"नाही ना दिलास," त्या म्हणाल्या. "एकदा कडाडून भांडली असतीस, तर मी सुटले असते गं."

मला भांडता येत नाही. तरी मी उभी राहिले, आवाज चढवला.

"दुसरा डबा कशाला पाठवलात?"