माझी कंबर, तिचा पाय

इंदूरच्या डॉक्टरांनी माझा एमआरआय उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं दोन मणके दाखवले. "गद्दी सरकी हुई है, मास्टरजी. ऑपरेशन करा लीजिए." मी मणक्यांकडे पाहिलंच नाही. मी पेनाकडे पाहत होतो. त्या पेनावर जे नाव छापलेलं होतं, तेच नाव तळमजल्यावर एमआरआयच्या पाटीवर मी नुकतंच वाचलं होतं. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. हा माणूस आपल्याला कापायला टपलाय, असं मी ठरवून टाकलं. आणि तरी बाहेर येऊन पुढच्या सोमवारची तारीख घेतली, कारण खुर्चीतून उठताना डाव्या पायात अशी कळ गेली की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

संशय हा माझा जुना स्वभाव आहे. इंदूर आणि जळगावच्या मधल्या आमच्या केळ्यांच्या गावात राहून मी केळी घेताना फणी उलटी करून पाहतो. माझं हे दुखणंसुद्धा संशयानंच सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी शाळेसाठी सरकारच्या जनशिक्षा केंद्रातून फुकट वाटायची पुस्तकं आणायची होती. हमाल हजर होते. पण वाटेत एखादा गठ्ठा गायब करतील, म्हणून मी त्यांना हात लावू दिला नाही. सगळे गठ्ठे स्वतः टेम्पोत चढवले, स्वतःच उतरवले. सातवीच्या गणिताचा गठ्ठा खाली ठेवताना कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. तेव्हापासून मी मोजे बसून नाही, पलंगावर पडून घालतो. फळ्यावर लिहिताना एक हात टेबलावर लागतो. शाळेत मुख्याध्यापक चारचौघांत म्हणाले, "मास्साबांना जनगणनेची ड्युटी लागली की बरोबर कंबर धरते." सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र ते हसणं माझ्या कानात वाजत होतं. असं हसणं मी पूर्वी कुठं ऐकलंय, ते मला माहीत होतं. ते आठवायचं मी टाळत होतो.

इंदूरहून आल्यावर मी जळगाव गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी मला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पायाला सुई टोचून विचारलं, "लागतंय का?" मग म्हणाले, "पायात ताकद आहे. घाई नको. तीन महिने व्यायाम करा, चालत राहा. मग बघू. पाय लुळा पडायला लागला, बधिरपणा वाढला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर मात्र एक दिवसही थांबू नका, सरळ दवाखाना गाठा." आणि सहा चित्रांचा एक कागद हातात दिला. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही.

मला या डॉक्टरांचा इंदूरवाल्यांपेक्षा जास्त संशय आला. जो डॉक्टर काही देतच नाही, त्याला काही येतं तरी का? की ऑपरेशन करायला हात कापतात म्हणून गोड बोलतोय? तो कागद घडी करून मी टीव्हीखाली सरकवला. सोमवारला पाच दिवस उरले होते. ऑपरेशन केलं आणि बिघडलं तर मी आयुष्यभर अंथरुणाला खिळेन. नाही केलं आणि पाय गेला तर तेही माझ्याच करणीनं. या दोन भीतींच्या मध्ये मी कूस बदलत होतो, आणि कूस बदलतानाही कळ येत होती.

बुधवारी शेजारच्या काकू ओट्यावर भेटल्या. गेल्या वर्षी त्या दोन बायकांच्या आधारानं उठायच्या. आता हातात दळणाचा डबा घेऊन ताठ उभ्या होत्या. मी म्हणालो, "काकू, तुमची कंबर बरी दिसते. कोणाचं औषध?"

"औषध कशाचं? तुमच्या घरातूनच आराम पडला मला." त्या हसल्या. "घरात दवाखाना अन् मास्साब चालले इंदूरला!"

मी चमकलो. याचा अर्थ मला एकच लागला.

माझी बायको पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे समज आहे, की कोणाच्या कमरेत उसण भरली तर त्यानं पालथं झोपावं आणि पायाळू माणसानं त्याच्या कमरेला तीनदा पाय लावावा. उसण उतरते. माहेरी, तुकईथडला, तिच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया कामावर जाण्याआधी यायच्या. लग्न होऊन ती राजपुऱ्यात आमच्या घरी आली, आणि महिन्याभरात गल्लीभर झालं की मास्साबांची बायको पायाळू आहे. लोक सकाळी ओसरीवर येऊन पालथे पडू लागले. ती पदर खोचून, भिंतीला हात टेकून, हलकेच पाय लावायची आणि लगेच वाकून त्या माणसाला नमस्कार करायची, कारण पाय लागला तर नमस्कार करायचाच. आईला सुनेचं कौतुक वाटायचं. मी दोन महिन्यांत ते बंद केलं. शिक्षकाच्या घरात अंधश्रद्धा चालणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. परके पुरुष माझ्या बायकोच्या पायाशी पडतात आणि उठताना तिला हात जोडतात, मला मात्र गल्लीत कोणी विचारत नाही, हे मला सहन होत नव्हतं. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही.

धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर तिचीच कंबर धरली. ती भांडी घासताना मध्येच उठून उभी राहायची. "दुखू राहिलं हो," म्हणायची. मला वाटायचं, आईचं सगळं करावं लागतं म्हणून ही बहाणे करते. एकदा राखीला बहीण आली होती. सगळे जेवायला बसलो होतो. ती वाढता वाढता कमरेला हात लावून थांबली, आणि मी म्हणालो, "लोकांना तर बरी करायचीस. आता स्वतःच्याच कमरेला पाय लाव की!"

आई हसली, बहीण हसली, भावोजींना तर ठसका लागला. हेच ते हसणं. त्यानंतर तिनं माझ्यापाशी दुखण्याचा शब्द काढला नाही, आणि मी समजलो की मी तिचं सोंग पकडलं.

तर काकूंचं ऐकून माझ्या डोक्यात चक्र फिरू लागलं. ही पुन्हा लोकांना पाय लावते. माझ्या माघारी. दुपारी मी शाळेत असतो तेव्हा. मग मला एकेक आठवत गेलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मागच्या खोलीला कडी लावते, अर्ध्या तासानं बाहेर येते तेव्हा चेहरा लाल झालेला असतो. विचारलं तर म्हणते, "पडली होती जरा." गुरुवारी मी शाळेतून पोट दुखतं म्हणून दोन तास आधी निघालो. रस्ताभर मी तिला काय बोलायचं ते जुळवत होतो. स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच उभी केली, आवाज नको म्हणून.

ओसरीवर चपला नव्हत्या. लोकांना परसदारानं घेते वाटतं, असं मनात आलं. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं. जुन्या दाराच्या खालच्या फळीला बोटभर फट आहे. मी, बावन्न वर्षांचा, रोज मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस, त्या फटीला डोळा लावायला वाकलो.

आत ती एकटीच होती. चटईवर उताणी, गुडघे दुमडून. ती हळूहळू कंबर वर उचलत होती आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. आठ, नऊ, दहा. कंबर खाली. चेहरा वेदनेनं आवळलेला. मग एक गुडघा छातीशी. चित्रांच्या कागदावर असतं तसं.

मी झटकन मागे व्हायला गेलो आणि माझी कंबर धरली. ना वर, ना खाली. कुलपात किल्ली अडकावी तसा मी अडकलो. तोंडातून "आई गं" निघालं.

कडी वाजली. दार उघडलं. तिची पावलं माझ्या नाकासमोर.

"काय शोधू राहिले?"

"पेन पडला," मी म्हणालो.

"पेन तर खिशात आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग दाराकडे, मग फटीकडे. तिला सगळं कळलं. पण आधी तिनं माझ्या बगलेत हात घातला. "श्वास रोखू नका. गुडघ्यातून वाका, कमरेतून नाही. आता कुशीवर. हं." दहा मिनिटांत मी तिच्या चटईवर होतो. तिला हे सगळं इतकं नेमकं येतं, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

"कोण आहे असं वाटलं आत?" तिनं विचारलं.

"काकू म्हणाल्या, आपल्या घरातून आराम पडला. मला वाटलं तू पुन्हा पाय..."

"पाय!" ती हसली नाही. "त्यांना मी कसरत शिकवली. गल्लीतल्या चौघी येतात सोमवारी."

"अन् तुला कोणी शिकवली?"

ती खाली बसली. बसतानाही तिनं आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, हे मी पहिल्यांदा पाहिलं. धाकटा तीन वर्षांचा असताना तिचा भाऊ तिला नेपानगरला एका बाईंकडे घेऊन गेला होता. त्या व्यायाम शिकवायच्या. आठ वेळा गेली. मला प्रत्येक वेळी सांगितलं होतं की भाचीला बघायला जाते. ती आठवण निघाली आणि मला आणखी एक गोष्ट आठवली. त्या आठ वेळांपैकी दोनदा मी तिच्या भावाला फोन करून ती खरंच पोचली का ते विचारलं होतं. तिला ते माहीत होतं का, हे मी आजही विचारलेलं नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं नं. तुम्ही म्हटलं, स्वतःच पाय लाव."

तिनं ते दळण आणायला सांगावं तशा आवाजात म्हटलं. मी छताकडे पाहत राहिलो.

"चुकलो मी," मी म्हणालो.

"सगळे हसले होते तेव्हा," ती म्हणाली. "मी पण हसली होती."

मग मी जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. "अजून दुखतं?"

"रोज. थंडीत जास्त. पण काम उरकते. पहिल्यासारखं अडकत नाही."

मी तिला टीव्हीखालचा कागद आणायला सांगितला. तिनं तो चष्मा न लावता हात लांब करून पाहिला. "हे तर मी करते. हे पण. हे शेवटचं मला त्या बाईंनी दिलं नव्हतं." मग मी तिला इंदूर, जळगाव, सोमवार, सगळं सांगितलं. तिला सोमवारचं माहीतच नव्हतं. ऑपरेशनची तारीख मी तिच्यापासूनही लपवली होती, कारण ती "करा" म्हणाली असती तरी मला संशय आला असता, आणि "नको" म्हणाली असती तरी.

"मी काय डॉक्टर आहे?" ती म्हणाली. "कोण खरं ते मला नाही कळत. पण जळगाववाल्यानं तुम्हाला चालवून पाहिलं, टोचून पाहिलं. इंदूरवाल्यानं?"

मी आठवून पाहिलं. इंदूरच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला होता. मला हात लावला नव्हता. मी पेनावरचं नाव वाचण्यात इतका गुंतलो होतो, की ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"मग तीन महिने करून पाहा," ती म्हणाली. "नंतर दोघांना पुन्हा दाखवू. मी येते सोबत. अन् पायाचं काही वाटलं तर लपवायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. तुमचा काही नेम नाही, दवाखान्याच्या कागदांची पिशवी पण लपवाल."

शुक्रवारी मी इंदूरला फोन करून सोमवारची तारीख रद्द केली. फोन ठेवताना मनात आलंच, की आपण शहाणपणानं नव्हे, भीतीनं नकार दिला असेल. हा संशय अजून आहे. दुखणंही आहे. दोन महिने झालेत, राजपुऱ्याच्या जुन्या वेशीच्या दरवाजापर्यंत मी न थांबता जातो, येताना एकदा टेकतो. तिसरा महिना संपला की आम्ही पुन्हा दाखवायला जाऊ. ऑपरेशन लागलंच तर करू, असं आता दोघांचं ठरलंय.

त्या गुरुवारचं एक सांगायचं राहिलं. तिनं मला तिथंच पहिला व्यायाम करायला लावला. गुडघे दुमडून पाय जमिनीवर. माझा डावा गुडघा सारखा बाहेर कलत होता. ती भिंतीला हात टेकून उभी होती, खाली वाकणं तिलाही जड जात होतं. तिनं दोनदा सांगितलं, "सरळ ठेवा." मला जमेना. तेव्हा तिनं पाय उचलला आणि तळव्यानं माझा गुडघा हलकेच आत ढकलला.

आमच्याकडे पायाळू बायकोनं सगळ्या गावाला पाय लावावा, नवऱ्याला लावू नये. तिच्या ते लगेच लक्षात आलं. सवयीनं ती नमस्काराला वाकली, आणि अर्ध्यावरच तिचा हात कमरेला गेला.

"राहू दे," मी म्हणालो. "वाकू नकोस."

ती तशीच भिंतीला धरून सरळ झाली. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं.

"मग मोजा की," ती म्हणाली. "अन् मोठ्यानं मोजा, मला ऐकू आलं पाहिजे. तुम्ही मध्येच आकडे गाळाल."