नाक्यावर घेतलेला जबाब

तो जबाब घेऊन चाळीसेक वर्षं झाली, पण त्यातला शब्दन् शब्द मला अजून पाठ आहे.

ऐंशीच्या दशकात, मुंबई पोलिसांतली नोकरी सोडून, मी कतारच्या पोलीस खात्यात होतो. हिंदी-मराठी कामगारांचे जबाब घेणं माझ्याकडे असे. शेजारी देशांच्या नागरिकांना तेव्हा सरहद्द ओलांडायला ओळखपत्र पुरायचं. रोजच्या ट्रकवाल्यांनाही शिपाई ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, म्हणत हाताच्या खुणेनेच सोडत. त्या उन्हाळ्यात मात्र काही दिवसांसाठी सौदी सरहद्दीवरच्या आमच्या नाक्यावर कडक तपासणी लागली.

सकाळी दहाला फोनवर खबर आली. भाजीच्या ट्रकमधून, सौदीकडून, बिनकागदाचा माणूस येतोय. ट्रक अडवला. ड्रायव्हर साताऱ्याकडचा, तिशीचा. खोकी उतरवली, माणूस नव्हता. पण केबिनमध्ये चहाचे दोन कप होते, दोन्ही ओले. मी ते गुपचूप उचलून ठेवले. हातातला पुरावा शेवटी काढायचा, ही माझी मुंबईपासूनची पद्धत.

“बरोबर कोण होतं?”

“एकलाच हाय, साहेब.”

तेच प्रश्न फिरवून फिरवून तीन तास विचारले. तो सारखा खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, मुरलेला आहे. एक वाजता कप टेबलावर ठेवले. तो कोसळलाच.

“थोरला भाऊ हाय, साहेब, तिकडं सौदीत कामाला. पासपोर्ट मालकानं ठेवून घेतला, त्यात पोटाचं दुखणं. माझ्याजवळ आणून औषध करावं म्हटलं. गाड्यांची रांग बघून मागंच उतरला. वाळूतनं वळसा घालून येतो म्हणाला.”

“पाणी?”

“एक बाटली.”

“अरे, आधी का नाही बोललास?”

“धरून परत धाडाल म्हणून.”

जीप काढली. माग काढणारा, वाळवंटातल्या बदू जमातीचा म्हातारा शिपाई पुढे होता. एका काटेरी झुडपाशी तो वाकला, तिथे पडलेल्या माणसाचं मनगट हातात घेतलं आणि हळूच म्हणाला, “खलास.”

वरिष्ठांनी पाठ थोपटली. पुढच्याच आठवड्यात तपासणी उठली. खबर देणारा ड्रायव्हरच्याच खोलीतला निघाला. ट्रकची ही फेरी त्याला स्वतःला हवी होती.

मी त्याच्यापेक्षा स्वतःलाच जास्त दोष देतो. माणसाकडून खरं काढून घेणं मला उत्तम जमत होतं. तो कशाला भितोय, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही. दहाला विचारलं असतं, तर कदाचित भाऊ जिवंत सापडला असता.

गावी पत्र ड्रायव्हरने माझ्याकडूनच लिहून घेतलं. “उन्हात गेला असं नका लिहू, साहेब. आई सोसायची नाही. दवाखान्यात गेला म्हणा, मी जवळ होतो म्हणा.”

मी तसंच लिहिलं. आयुष्यभर लोकांचे खोटे जबाब पकडले, आणि त्या दिवशी स्वतःच्या अक्षरात एक लिहून दिला.