लेथचा हार

आमच्या शाळेच्या कार्यशाळेत लोखंड कातायचं एक लेथ मशीन आहे. गावाबाहेरच्या कारखान्याच्या मालकांनी ते भेट दिलं, तेव्हा फोटो निघाले. चालवून दाखवायला मात्र आजवर कुणी आलं नाही. दर खंडेनवमीला आम्ही त्याला झेंडूचा हार घालतो, एवढंच.

यंदा पूजेला मालक स्वतः आले. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "बाई, हल्ली कामाची पोरं मिळतच नाहीत. कुणाला काही येत नाही."

माझं डोकंच सणकलं. येणार कुठून? हळदकुंकू वाहून? मशीन देऊन हे मोकळे झाले; शिकवणारा एक माणूस आठवड्यातून तासभर सोडायचं यांच्या जिवावर येतं.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हे चालू झालं की आवाज कसा येतो?"

"मी तरी कुठे ऐकलाय?" मी म्हणाले. "या साहेबांना विचार."