सिंगापूरची जत्रा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो, चष्मा शोधायचो, उठून बाहेर जायचो. कितीतरी वर्षं हेच केलं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर आता नव्याने ओळखा.

खरं तर गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आर्णीजवळच्या आमच्या तांड्यावरचं शेंबडं पोरगंसुद्धा ती हातवारे करून सांगतं. जमनाबाई सिंगापूरला गेली आणि तिथल्या पार्कात हारपली, तिला पोलिसांनी धरून आणलं. झाली गोष्ट. लोक पोट धरून हसतात.

ती गोष्ट खोटी आहे. ती मी रचली.

जमनाबाई माझी मोठी बहीण. आमच्यात मोठ्या बहिणीला नुसतंच बाई म्हणतात. मागच्या महिन्यात तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून तांड्यावर जेवण होतं. पंगत उठली आणि तिच्याच मुलानं, खुशालनं, पान लावता लावता सुरुवात केली, "माही माय म्हणजे काय बाप्पा! अख्खं जंगल पायाखाली घातलं, अन् सिंगापूरले जाऊन हारपली!" सगळे हसले. मीही हसलो. हसलो! परतताना गाडीत मला संताप आला. कोणावर संताप? खुशालवर? त्याला तर मीच फसवलं.

आता थोडं मागचं सांगतो. दया यावी म्हणून नाही — उलट, हे ठाऊक असूनही मी काय केलं ते तुम्हाला कळावं म्हणून.

आमची आई लवकर गेली. मला बाईनं वाढवलं. तांड्यापासून शाळेच्या गावापर्यंत रान होतं, त्यातून ती मला खांद्यावर घेऊन जायची. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारे. तो धंदा माझ्या आज्याच्याही आधी संपला, पण वाट काढण्याचा अभिमान काही संपला नाही. बाईला झाडं पाहून वाट कळायची. लग्नाला, बाजाराला, पुसदला, कुठंही बायकांचा घोळका निघाला की पुढं बाई. अशा बाईला वाट हारपलेली म्हणणं ही आमच्यात शिवीपेक्षा वाईट गोष्ट. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

मी शिकलो, सरकारी नोकरीत अधिकारी झालो, यवतमाळात घर बांधलं. आडनाव पवार. या आडनावाची माणसं कितीतरी समाजांत आहेत. समोरचा मला जो समजायचा, तो मी असायचो. मी कधी खोटं बोललो नाही, फक्त गप्प राहिलो — असं मी स्वतःला सांगायचो. काय सोय होती ती! घरात मुलाशी आमची बंजाऱ्यांची गोर बोली बोललो नाही. बाई यायची ती आमच्या पारंपरिक पोशाखात, आरशांची कांचळी म्हणजे चोळी आणि फेटिया म्हणजे घेरदार घागरा घालून. बैठकीत कोणी साहेब बसलेले असले की मी तिला स्वयंपाकघरात बसवायचो. वर म्हणायचो, "बाई, आत पंख्याखाली बैस." पंखा! तिला काय पंख्याचं कौतुक होतं?

पुढे माझा मुलगा विजय नोकरीनिमित्त सिंगापूरला गेला. त्यानं आम्हा नवरा-बायकोला बोलावलं आणि बजावलं, आत्याला घेतल्याशिवाय येऊ नका. मी बाईसाठी यवतमाळहून दोन साड्या आणल्या. विमानात म्हणे थंडी वाजते, पोलीस तपासतात, साडीच बरी — असलं काहीतरी सांगितलं. तिनं साड्या घेतल्या. साडी नेसून विमानात बसली.

तिथं गेल्यावर एक दिवस मोठ्या पार्कात जायचं ठरलं. बायकोचे गुडघे दुखत होते, ती घरीच थांबणार होती. आदल्या दिवशी बाईनं विचारलं, "उद्या कुठं जावाचं रे?" तिला थीम पार्क कसं समजावणार? मी म्हणालो, "जत्रा आहे, बाई. लय मोठी जत्रा. पाळणे, झुले, सोंगं."

सकाळी ती खोलीबाहेर आली आणि मी पाहतच राहिलो. फेटिया, कांचळी, डोक्यावरून आरशांची ओढणी, कोपराच्या वरपर्यंत बलिया म्हणजे पांढऱ्या बांगड्या, कानांपाशी चांदीचे घुंगरू. सगळं तिनं पिशवीत साड्यांखाली घालून आणलं होतं. मी म्हणालो, बाई, साडी नेस. ती म्हणाली, "जत्रेले साडी घालून जातेत काय रे? लोक काय म्हणतीन, इच्या घरी काई नाही?" जत्रेला जत्रेचेच कपडे घालायचे. जत्रा हा शब्द कोणी दिला होता तिला? मीच. विजय खूश झाला. "आत्या, एक नंबर!" म्हणून त्यानं फोटो काढले. मी गाडीत पुढं बसलो आणि वाटभर काचेबाहेर पाहत राहिलो.

त्या पार्कात वेष केलेली माणसं जागोजागी उभी असतात. कोणी राजकन्या, कोणी अस्वल, कोणी समुद्री चाचा. लोक रांग लावून त्यांच्यासोबत फोटो काढतात. बाई आत शिरली आणि कुठल्या देशाची कोण जाणे, एक लहान पोरगी धावत येऊन तिला बिलगली. मागं दुसरी. बघता बघता रांग लागली. लोकांना ती पार्काचंच एखादं पात्र वाटली. आणि बाई — बाई किती खूश! प्रत्येक लेकराच्या तोंडावरून हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. तो आवाज ऐकून पोरं खिदळायची. त्या अख्ख्या पार्कात खरी तेवढी तीच होती.

विजय, सून आणि नातू उंच पाळण्याकडे गेले. जाताना विजय म्हणाला, "बाबा, आत्याकडे लक्ष ठेवा."

मी थोडा दूर, बोटीच्या रांगेशी सावलीत उभा राहिलो. रांगेत एक मराठी जोडपं होतं, पुण्याकडचं, माझ्याच वयाचं. बोलणं निघालं. कोण, कुठले, मुलगा काय करतो. मी पवार म्हणालो, खातंही सांगितलं. ते गृहस्थ लगेच पवारसाहेब म्हणायला लागले. मला बरं वाटलं. एवढ्यात त्यांच्या पत्नीचं लक्ष गेलं. "अहो, बघा तरी! इथे लमाणीणसुद्धा उभी केलीय. अगदी आपल्याकडची वाटते, नाही?" गृहस्थ हसले. "काय पवारसाहेब, तुमच्या भागात या भरपूर असतील ना?"

"आहेत," मी म्हणालो.

आणि तेव्हाच बाईनं मला पाहिलं. गर्दीतून हात उंच केला आणि आमच्या बोलीत मोठ्यानं हाक मारली. "भिया! ए भिया, पाह्य न, लेकरं कशी माग लागली!" भिया म्हणजे भाऊ; बाकीचं मी तुमच्यासाठी मराठीत सांगतो आहे.

"तुम्हाला हाक मारतेय का हो ती?" गृहस्थांच्या पत्नीनं विचारलं.

आता ऐका. यासाठीच एवढं लिहिलं.

मी म्हणालो, "नाही हो. मी ओळखत नाही तिला. इथल्याच कार्यक्रमातली असेल."

रांग सरकली. फाटक उघडलं. मी त्या दोघांबरोबर बोटीत जाऊन बसलो. बसताना एकदा वळून पाहिलं. बाईचा हात अजून वरच होता.

मला कोणी ढकललं नव्हतं. ती माणसं माझी कोण होती? त्यांची नावंही आज आठवत नाहीत. त्यांचं चार घटका चांगलं मत राहावं म्हणून मी, जिनं मला खांद्यावर वाहिलं तिला, भाषा न कळणाऱ्या मुलखात टाकून गेलो. थू! पुण्याच्या त्या जोडप्यावर मी वर्षानुवर्षं चिडत राहिलो. हलकट, बघा कसं बोलले — असं. पण त्यांनी काय केलं? एक अडाणी प्रश्न विचारला. उत्तर माझं होतं.

बोट अंधाऱ्या भुयारातून फिरून बाहेर आली. बाई तिथं नव्हती. फोटोंची रांगही नव्हती.

नंतर कळलं ते असं. मला बोटीत चढताना पाहून ती फाटकाशी आली आणि तिथंच उभी राहिली. जिथून माणूस गेला तिथूनच तो परत येईल, हा तिच्या रानातला हिशेब. पार्कातल्या माणसांनी बाजूला व्हायला सांगितलं, ती हलेना. तिची बोली त्यांना कळेना. शेवटी ते तिला कार्यालयात घेऊन गेले. म्हणजे ती कुठं भटकली नव्हती. उलट जागा सोडत नव्हती, म्हणून तिला उचलून नेलं.

विजय धावत आला तेव्हा मी त्याला काय सांगितलं? "मी बाथरूमला गेलो होतो. बाईला म्हटलं इथंच थांब, तर ही कुठं निघून गेली काय माहीत."

कार्यालयात ती खुर्चीवर बसली होती. चुकलेल्या लेकरांना बांधतात तशी रंगीत कागदी पट्टी तिच्या मनगटाला बांधली होती, गोंदणावर. आमच्या बायका ताटातुटीनंतर भेटल्या की गळ्यात हात टाकून सूर लावून रडतात, रडता रडता सगळी हकीकत सांगतात. ती उठली, दोन्ही हात माझ्या गळ्याकडे आले — आणि मी तिची मनगटं धरून तिला खाली बसवलं. "इथं नको, बाई. लोक पाहून राह्यले." रडणं तिच्या तोंडातच राहिलं. त्यानंतर ती माझ्या गळ्यात पडून कधीच रडली नाही. माझी बायको भेटली की रडायची, सून भेटली की रडायची. मला नुसतं, "बरा हाये ना?"

परतीच्या विमानात ती माझ्या शेजारी होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "डोंगा कसा होता, भिया?" डोंगा म्हणजे बोट.

मी म्हणालो, "कोणता डोंगा?"

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्यांदा नाकारलं मी तिला, आणि या वेळी तर पुण्याचं कोणी नव्हतं.

तांड्यावर गोष्ट माझ्याच तोंडून पोचली, तिखटमीठ लावून. पोरं तिला हारपेल बाई, म्हणजे हरवलेली बाई, म्हणू लागली. खुशालनं तिचं एकटीनं बाजाराला जाणं बंद केलं. लग्नाला बायका निघाल्या की पुढं दुसरीच कोणी, बाई मधे. मग खुशालनं आर्णीहून एक बिल्ला करून आणला, त्यावर त्याचा फोन नंबर. तो तिच्या गळ्यात, चांदीच्या माळांमधे. त्याच्या मायेत खोट नव्हती. मी सांगितलं त्यावर त्यानं विश्वास ठेवला, एवढंच. मी तो बिल्ला पाहायचो. चहा प्यायचो. निघून यायचो. कोणी तिच्यासमोर चेष्टा केली की ती माझ्याकडे पाहायचीसुद्धा नाही, हसून म्हणायची, "हाव बाप्पा, हारपली मी." तिनं मला वाचवलं. आणि मी वाचत राहिलो.

ती गेली तेव्हा तांड्यावरच्या बायका तिच्याभोवती बसून सुरात रडल्या. तिचं सगळं आयुष्य त्या रडण्यात आलं. भावाला खांद्यावर नेणारी, रानात वाट काढणारी — आणि परमुलखात वाट हारपलेली. मी उशाशी उभा होतो. बिल्ला अजून गळ्यात होता. एक वाक्य बोलायचं होतं, त्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. कितीतरी वर्षं मनात घोकलेलं, आमच्या बोलीतलं, साधं. तोंड उघडलं. खुशालला वाटलं मला घेरी येते आहे. त्यानं मला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मी पाणी प्यालो.

वाक्य हे होतं — बाई, तू हारपली नव्हती. तू मले हाक मारली, ते मी ऐकली, अन् लोकाईले म्हणलं, हिले मी ओळखत नाही. मले माफ कर.