धामणदरकरणीच्या आईचं पाणी

ये गं, जवळ ये. म्हणजे कागद डोळ्यांजवळ घे, माझं अक्षर बारीक आणि शाळेत न जाता शिकलेलं. आणि आधी थोडं बोलून घेते, राग आला तर येऊ दे. घराण्याचं झाड म्हणून तू जे काढून पाठवलंस ना, ते मी भिंतीला टेकवून बघितलं. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. बाप्यांनीच बाप्ये जन्माला घातले की काय गं? इतकी शिकलीस, आणि एक बाई नाही त्याच्यावर! तुझी पणजी कुठली, हे एकदा तरी विचारायचंस. मी विचारलं होतं. बहात्तरचा दुष्काळ निम्मा त्यातच गेला माझा.

तुझी पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही आत्याबाई म्हणायचो. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही. आपल्याकडे सासुरवाशीण माहेरावरून ओळखली जाते. तिसगावची ती तिसगावकरीण, भिंगारची ती भिंगारकरीण. आत्याबाई धामणदरकरीण. आता बघ, तिसगाव आहे, भिंगार आहे, पण धामणदरा कुठेच नाही. तुझ्या आजोबांनी तलाठ्याला विचारलं, तो म्हणाला असलं गाव कधी ऐकलं नाही. गाव नाही, आणि गावची लेक मात्र आमच्या चुलीपुढे बसलेली.

त्या अगदी लहान असताना गाठीचा रोग आला. प्लेग गं. गाव उठलं. बाप आधीच गेला होता, भाऊ नव्हता, आईही त्यातच गेली. मामाने खांद्यावर टाकून भिंगारच्या पलीकडे आपल्या गावी नेलं आणि तिथूनच लग्न लावून दिलं. मामा गेला, त्याच्याबरोबर धामणदऱ्याची वाटही गेली. त्यांच्या ध्यानात एवढंच राहिलं होतं, की दारासमोर काळा खडक होता, त्यात उखळं कोरलेली होती. गल्लीतल्या बाया तिथे कांडायच्या. आई एका उखळात मुसळ घालायची आणि शेजारच्या रिकाम्या उखळात हिला बसवायची, म्हणजे रांगत कुठे जायला नको.

त्या उन्हाळ्यात आत्याबाई बसेनात. घटकेत दारात, घटकेत ओट्यावर, पुन्हा आत.

"आखिती आली गं," म्हणायच्या.

"यिऊ द्या की."

"तुमच्या पितरांना केळी भरशील. माज्या आईला कोन भरतंय?"

केळी म्हणजे आखितीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी पाण्याने भरतात ते मातीचं मडकं. लेक भरतो. त्यांच्या आईला लेकच नव्हता.

"हितंच भरू की एक जास्तीची," मी म्हणाले.

"तिला ह्या घराची वाट ठावी हाय का? ती तिकडंच बसली आसंल, दारात. तहानलेली."

तुझे आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "जित्या मानसाला प्यायला पानी न्हाई, अन् तू मेलेल्यांची तहान काढतीस, आई."

"तुला न्हाई कळायचं. तुजी आई जित्ती हाय."



मी तेव्हा दुष्काळी कामावर जायची, पाझर तलावाच्या. बाप्ये टिकावाने खणायचे, आम्ही बाया मातीच्या पाट्या वाहायचो. एक दिवस माझ्या डोक्यात आलं, की गावोगावच्या सुना इथे एका रांगेत उभ्या आहेत, म्हणजे सगळी माहेरं इथेच गोळा झालीत की! मग पाटी पुढे देता देता विचारू लागले, "तुमच्याकडं धामनदरा कुठं हाय का गं?"

"एवढं सासूचं माहेर हुडकतीस," एक म्हणाली, "तिला माघारी धाडायची हाय व्हय?"

रांगभर हसू पसरलं. मुकादम ओरडला. दुसरीने मात्र छातीवर हात मारून सांगितलं, डोंगरापलीकडे आहे. सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून गेले. दरा होता. पण माणूस कधी राहिल्याची खूण नाही, ना जोतं, ना खापर. पाय भाजून परत आले तर ह्या दारात उभ्या.

"घावलं?"

"न्हाई, आत्याबाई."

पाणीसुद्धा विचारलं नाही मला. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. आखिती जवळ येत होती आणि मला आता रात्री झोप लागेना. आपलं माहेर शाबूत असताना मला ही कसली टोचणी लागली होती, कोण जाणे.

मग आमची टोळी दुसऱ्या कामावर टाकली, तिसगावच्या पुढे. पहिल्याच दुपारी भाकरी खायला सगळ्या एका खडकाकडे निघाल्या. जमिनीसरसा काळा, सपाट खडक. त्यात गोल गोल खड्डे, आणि खड्ड्याखड्ड्यात एकेक लेकरू बसवलेलं! कुणी रडतंय, कुणी बोटं चोखतंय. खणतीकडे रांगत जाऊ नयेत म्हणून तिथल्या बाया सकाळीच पोरांना त्यात बसवून कामाला लागायच्या. मी भाकरी सोडलीच नाही, आधी विचारलं.

"ही उखळं हायती का गं?"

"कसली उखळं? आमी पोरांची भोकं म्हनतो," एक हसत म्हणाली.

"ह्या जागंला काय म्हनत्यात?"

"भुताची पांढर. लई आदी वस्ती हुती म्हनं. रोगात उठून गेली."

"नाव काय हुतं गावाचं?"

"उठल्या गावाचं नाव कोन ध्यानात ठेवतंय, बाई!"

मुकादमाने सांगितलं, पाऊस झाला की हा खडक तलावाच्या पोटात जाणार.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. आमच्या गावावरून कामावर पाण्याचा टँकर जायचा. आखितीच्या दिवशी ड्रायव्हरच्या विनवण्या करून आत्याबाईंना पुढे बसवलं. मांडीवर केळी, वर फडकं बांधलेलं. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, मागं टाकीभर पानी हाय, अन् तुमी मडकं कवटाळून बसल्या!"

"ते सरकारी. हे माज्या प्यायच्यातलं हाय."

दोन दिवस त्यांनी नुसते ओठ ओले केले होते, हे मला तेव्हा कळलं.

खडकाशी उतरल्या, आणि बघतच राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे.

"ही न्हवं."

"अवो, नीट बघा तरी!"

"आमची लई मोठी हुती. मी बसले की नुसतं डोकं वर ऱ्हायचं."

"तुमी केवढुशा हुता तवा, आत्याबाई!"

"मला नको शिकवू."

आणि काठी टेकत त्या पांढरीवर, उठल्या वस्तीच्या जागेवर, हिंडू लागल्या. माती उकरायच्या, खापर उचलायच्या, टाकायच्या. "दार कुठं हुतं? दार तर घावाया पायजे." उन्हाचा तडाखा, बाया काम सोडून बघतायत, टँकरवाला हॉर्न वाजवतोय. मला वाटलं पाणी तसंच घेऊन परतणार. तेवढ्यात एका बाईने न सांगता आपलं लेकरू उखळातून उचलून कडेवर घेतलं. आत्याबाई तिथे बसल्या. हात आत घातला. तळ चाचपला, कडा चाचपल्या. बराच वेळ.

मग फडकं सोडून पाणी ओतलं. "आई, पी." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव घ्याया पायजे तिचं. मला ठावंच न्हाई गं. आईला कोन नावानं हाक मारतं?"

अर्धं ओतलं आणि थांबल्या. फडकं पुन्हा बांधलं.

"वता की सगळं."

"ऱ्हाऊ दे. ही जागा न्हवं निघाली, तर तिकडं काय न्यायचं?"

ते अर्धं पाणी त्यांनी घरी शिंक्यात टांगलं. कुणाला हात लावू दिला नाही. आलेल्या-गेलेल्याला धामणदरा विचारत राहिल्या. पाणी मडक्यातच आटलं. पुढची आखिती त्यांनी पाहिली नाही, आणि खडक तलावात गेला.

मला अजून वाटतं, तीच उखळं. आणि एखाद्या सकाळी वाटतं, नसतीलच. मी आपलं म्हातारीला भलत्याच कुणाच्या दारात नेलं. औंदा तलाव तळाला गेलाय, खडक उघडा पडलाय म्हणतात. समोर दाराचं जोतं निघतं का, तेवढं मला बघायचंय. घरातले म्हणतात, ह्या वयात कुठे जाता उन्हात. माझे गुडघे धरत नाहीत, डोळेही अंधुक झालेत. तुझे धड आहेत. तेव्हा लवकर ये, पोरी. पाणी पुन्हा चढायच्या आत ये.