कालचं जेवण

जेवायला बसलं की बेबीताई ताटातला निम्मा भात आधी पातेल्यात परत टाकायच्या. उरलेला वरणात मऊ कालवायच्या आणि एकेक घास इतका सावकाश चावायच्या की तोवर बाकीच्यांचे हात धुऊन व्हायचे. चार-पाच घासांत थांबायच्या, बरगड्यांखाली हात ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "बस वं, आता जागा नाही."

बेबीताई माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. माहेर उमरेडचं, विणकरांचं. मी लग्न होऊन लकडगंजच्या घरात आले तेव्हा त्या तिथे मुरलेल्या होत्या. मोठे दीर खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीनं कामाला जायचे, त्यामुळे घरात कुणाला ना कुणाला कधीही गरम पोळी लागायची आणि ती बेबीताईच करायच्या. तरुणपणापासून त्यांना मधुमेह होता. इन्सुलिनची सुई त्या स्वतःच टोचून घ्यायच्या, तीही पोळी उलटता उलटता.

आमच्या सासूबाईंच्या लेखी बाईनं ताट सोडून उठणं म्हणजे राग. "कोणाचा राग अन्नावर काढून राहिली?" असं त्या सगळ्यांसमोर विचारायच्या. बेबीताई चिडायच्या नाहीत. "राग नाही आई, सकाळचे पोहे अजून मुक्कामी हायेत," एवढंच म्हणायच्या. सगळे हसायचे. त्यामुळे ते खरंच तसं आहे, असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

मला ते पहिल्यांदा दिसलं महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी पहाटेपासून पुरण, कढी, आंबील, सगळ्या भाज्या त्यांनी केल्या होत्या आणि स्वतः जेमतेम वाटीभर खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीपाशी त्यांना उलटी झाली. मी पाठ चोळत होते. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "पाह्य, कालची बरबटी. जशीच्या तशी." चवळीच्या शेंगांचे तुकडे खरंच ओळखू येत होते. मग तोंड धुऊन त्यांनी मला बजावलं, "आईले सांगू नको. देवीचं पुरण ओकली म्हणतीन."

डॉक्टर झाले, पित्ताच्या गोळ्या झाल्या. नळी घालून पोट पाहिलं, तर कुठे जखम नाही, गाठ नाही. 'काही निघालं नाही' हे वाक्य घरात आरोपासारखं वापरलं जाऊ लागलं. एका डॉक्टरांनी मनावर घेऊ नका असं सांगितलं. नातेवाइकांनी त्रिफळा सांगितला, पालकाचा रस सांगितला, रोज वाटीभर कच्ची कोशिंबीर सांगितली. बेबीताईंनी सगळं निमूटपणे केलं. कोशिंबिरीनं तर त्या आठवडाभर झोपून होत्या.

मग एका दुपारी, इन्सुलिन घेऊन, जेवून उठल्यावर, त्या ओट्यापाशीच कोसळल्या. अंग घामानं भिजलेलं, बोलणं अडखळत. साखर पार खाली गेली होती. दवाखान्यात सलाइनमधून साखर दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या. जेवलेल्या माणसाची साखर कशी उतरली, हे दिरांना कळेना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळंच विचारलं : उलटी होते तेव्हा त्यात काय असतं? मीच बरबटीचं सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दोन दिवसांनी तपासणी झाली. इडलीत अगदी थोडं किरणोत्सारी औषध घालून ती खायला दिली आणि ती पोटातून पुढे किती सरकते याचे यंत्रानं दुपारपर्यंत फोटो काढले. तोवर इडली बहुतेक पुढे गेलेली असायला हवी होती. ती बरीचशी जिथल्या तिथेच होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की वर्षानुवर्षांच्या साखरेनं जठराच्या नसा दुबळ्या होतात. मग जठर अन्न घुसळून पुढे ढकलत नाही. इन्सुलिन आपल्या वेळेला काम करतं, अन्न मात्र आतड्यात पोहोचलेलंच नसतं. हे पूर्ण बरं होणार नाही, पण सांभाळता येईल.

बाहेर बाकावर बसल्यावर बेबीताई दिरांना म्हणाल्या, "म्हणजे मी नाटक नव्हती करत." दीर मान खाली घालून बसले.

पथ्य सगळं उलटं निघालं. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. मऊ भात, गाळलेलं वरण, साल काढून शिजवलेला दुधी. तूप-तेल कमी. मेथी, शेंगा, कोशिंबीर बंद. संत्र्याच्या फोडी बंद, रस चालेल तोही गाळून. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, गॅलरीत फिरायचं. इन्सुलिनची वेळ बदलली. जेवणाआधीच्या एका गोळीनं पोट जरा चालायचं, पण काही महिन्यांनी ओठ आपोआप हलायला लागले आणि ती गोळी बंद करावी लागली. तरी उलट्या कमी झाल्या, अंगावर थोडं मांस आलं. फक्त पाहुणे यायचे, पालेभाज्या खात जा म्हणायचे, आणि बेबीताई पहिल्यापासून सांगायला बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बिमारीनं नाही एवढी मी समजावून समजावून थकली वं."

शेवटच्या वर्षी पाणीही टिकेना. मूत्रपिंडं थकत चालली होती. नाकातून बारीक नळी घालून, जठर ओलांडून, थेट आतड्यात पातळ अन्न सोडू लागले. सासूबाईंचे गुडघे गेले होते, तरी एका दुपारी मी त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं. त्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून बराच वेळ नळीकडे पाहत राहिल्या. आमच्या घरात जेवली का, काहून नाही जेवली, असं दिवसभर विचारलं जायचं. त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "तुले भूक लागे का वं?"

बेबीताईंनी डोळे उघडले. नळीमुळे आवाज घोगरा झाला होता. "लय लागे आई," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातची भाकर पाहून तर लयच लागे. खाल्लेलं खालीच जाये नाही."

सासूबाईंनी त्यांच्या पायावर हात ठेवला. भेटीची वेळ संपली असं नर्स सांगून गेली तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी मीच त्यांना धरून बाहेर आणलं. रिक्षात त्या रस्त्याकडे पाहत बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले वाटे, रुसली हाये."